दूरसल्ला : सवलत की हक्क?

(मोर्शी येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ वर्धा नदी अडवली गेली आणि ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी अमरावती शहराच्या नळापर्यंत पोहोचले. त्यासाठी शासनाने जलवाहिनी टाकली, पंप बसवले आणि दरवर्षीचा खर्च हिशेबात धरला. एवढ्या अंतरावर पाणी नेणे परवडेल काय, असे विचारून कोणी ते काम थांबवले नाही. शहराला पाणी लागते, तेव्हा ते नेलेच पाहिजे, ही भूमिका सर्वांनी मान्य केली. उलट दिशेने एक गोष्ट यायची आहे आणि तिच्याबाबत मात्र अशी भूमिका अद्याप कोणी घेतलेली नाही. ती गोष्ट म्हणजे शहरातील तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला. तो मोर्शीकडे येत नाही; त्याच्यासाठी मोर्शीच्या रुग्णाला अमरावतीला जावे लागते.

या जाण्याचा हिशेब एकदा नीट मांडला पाहिजे. सालबर्डीच्या वाटेवरील एखाद्या गावातील संत्र्याच्या बागेत राबणारी मजूर स्त्री डोळ्यांपुढे आणावी. तिला मधुमेह आहे आणि रक्तदाबही आहे. पहाटे उठून ती मोर्शीला येते, तेथून एसटीने सुमारे पंचावन्न किलोमीटरवरील अमरावती गाठते. सोबत मुलगा किंवा सून असते. रांगेत दुपार होते. डॉक्टर जुनी चिठ्ठी पाहतात, दोन प्रश्न विचारतात, एका गोळीचे प्रमाण वाढवतात आणि महिन्याने पुन्हा यायला सांगतात. त्या भेटीत शस्त्रक्रिया नसते, मोठे यंत्र नसते, बहुधा नाडीलाही हात लागत नाही. जे घडते ते केवळ बोलणे, पाहणे आणि लिहिणे. एवढ्यासाठी दोन माणसांची दिवसाची मजुरी बुडते आणि दोघांचे जाण्या-येण्याचे भाडे जाते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील शुल्क १५ ऑगस्ट २०२३ पासून बंद झाले, हा निर्णय स्वागतार्हच होता. परंतु दवाखान्यात फुकट मिळालेली गोळी या बाईला बुडालेल्या मजुरीच्या आणि भाड्याच्या किमतीला पडते. मग तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ती जाणे सोडते. पुढे कधी तरी पक्षाघाताचा झटका येतो, किंवा पायाची जखम चिघळते, आणि तेव्हा मात्र तिचा विमा जागा होतो.

विमा तेव्हाच का जागा होतो, हा आजच्या विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती जिल्हा होता. म्हणजे सार्वजनिक आरोग्यविम्याचा अनुभव या जिल्ह्याला राज्यातील बहुतेक जिल्ह्यांच्या आधी आला. पुढे ती योजना राज्यभर गेली, २०१७ साली तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव मिळाले, केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ साली आली आणि दोन्ही जोडल्या गेल्या. सुरुवातीला कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपयांचे संरक्षण होते. २०२३ साली घेतलेल्या निर्णयाने ते पाच लाखांचे झाले आणि राज्यातील सर्व कुटुंबांना त्यात घेण्याचे ठरले. हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या, कर्करोगाच्या उपचारांसाठी या योजनांचा गोरगरिबांना आधार झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण या सर्व योजनांचा कणा एकच आहे : रुग्णालयात दाखल होणे. आयुष्मान भारत योजनेत दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस एवढाच खर्च धरला जातो. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे रुग्ण आणि त्याचे नशीब. थोडक्यात, विमा खाटेचा आहे. घरी राहून वर्षानुवर्षे सोसायच्या आजाराचा नाही.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ साली देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी स्वतःच्या खिशातून केला. विम्याचे संरक्षण लाखांनी वाढले, तरी डॉक्टरांची भेट, तपासणी आणि रोजची औषधे यांवरचा हा पाझर त्या विम्याने थांबत नाही.

आता दुसरी बाजू पाहावी. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९५४ साली जी आरोग्य योजना सुरू झाली, तिच्यात डॉक्टरांची साधी भेट आणि औषधे पहिल्यापासून आहेत. कारखान्यातील कामगारांसाठी १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. त्यातही दाखल न होता मिळणारे उपचार आहेत, शिवाय आजारपणात बुडालेल्या मजुरीची काही भरपाईही आहे. खाजगी विमा घेणाऱ्यांसाठी विमा नियामक प्राधिकरणाने ११ जून २०२० रोजी आदेश काढला, की ज्या पॉलिसीत डॉक्टरांच्या सल्ल्याचा खर्च मान्य आहे, तेथे दूरवरून घेतलेल्या सल्ल्याचाही खर्च मान्य करावा. नोकरदाराला, कामगाराला आणि हप्ता भरू शकणाऱ्याला जे मिळाले, ते शेतमजुराला नाही.

यात वऱ्हाडचे एक खास दुखणे आहे. १९४८ च्या कायद्याने हंगामी कारखाने विमासंरक्षणाच्या बाहेर ठेवले आणि हंगामी कारखाना म्हणजे काय, हे सांगताना त्या कायद्याच्या व्याख्येत सर्वांत आधी कापसाच्या जिनिंगचे व प्रेसिंगचे नाव येते. ज्या प्रदेशाचा मुख्य उद्योगच जिनिंग-प्रेसिंग, त्या प्रदेशातील कामगार कायद्याच्या अक्षरानेच बाहेर राहिला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हंगामी कारखाना बाहेरच राहिला आहे. सरकीच्या धुळीत उभ्या राहणाऱ्या मजुराचे फुप्फुस हंगाम संपल्यावर बरे होते, असे कायदा करणाऱ्यांना वाटले असावे!

मित्रहो, या पार्श्वभूमीवर दूरवैद्यकीय सल्ल्याचा, म्हणजे ज्याला टेलिमेडिसिन म्हणतात त्याचा, विचार केला पाहिजे. ही कल्पना नवी नाही. इस्रोने उपग्रहाच्या साहाय्याने लहान रुग्णालये मोठ्या रुग्णालयांशी जोडण्याचे प्रयोग २००१ च्या सुमारास सुरू केले होते. पण डॉक्टर आणि रुग्ण समोरासमोर नसताना दिलेला सल्ला कायदेशीर की बेकायदेशीर, याबाबत संदिग्धता होती. रत्नागिरीतील एका प्रकरणात प्रसूतीनंतर पुन्हा दाखल झालेल्या स्त्रीवर डॉक्टर जागेवर नसताना फोनवरील सूचनांनुसार उपचार झाले आणि ती दगावली. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्या प्रकरणात डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला, तेव्हा फोनवर सल्ला देण्याविषयी वैद्यकीय व्यवसायात मोठी धास्ती निर्माण झाली. पुढे करोनाची साथ आली, टाळेबंदी झाली आणि २५ मार्च २०२० रोजी केंद्राने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. चित्रफोन, साधा फोन किंवा लेखी संदेश या तिन्ही मार्गांनी सल्ला देता येईल, कोणती औषधे कोणत्या भेटीत लिहिता येतील, कोणती मुळीच लिहिता येणार नाहीत, आरोग्यसेवकाच्या मदतीने रुग्ण सल्ला कसा घेईल, हे त्यात सांगितले आहे. सरकारची ई-संजीवनी सेवा २०१९ च्या नोव्हेंबरात सुरू झाली; घरून थेट सल्ला घेण्याची सोय १३ एप्रिल २०२० पासून झाली; आणि २०२३ च्या फेब्रुवारीत तिने दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला.

तेव्हा साधन आहे, व्यवसायाचे नियम आहेत. नाही तो रुग्णाचा हक्क. मार्गदर्शक तत्त्वे डॉक्टरांना सांगतात की सल्ला कसा द्यावा; तो मिळालाच पाहिजे, असे रुग्णाला कोणताही कायदा सांगत नाही. ई-संजीवनी ही सेवा आहे. यंत्र बिघडले, पद रिक्त राहिले, अनुदान आटले, की ती थांबते. आणि थांबली तर कोणाला जाब विचारायचा, याचे उत्तर उपकेंद्राच्या भिंतीवर लिहिलेले नसते. सवलत आणि हक्क यांत हाच फरक आहे. सवलत देणाऱ्याच्या सोयीने येते व जाते. हक्क नाकारला तर नाकारणाऱ्याला उत्तर द्यावे लागते.

महाराष्ट्राला हा फरक नव्याने शिकवण्याची गरज नाही. रोजगार हमीचा कायदा याच राज्याने १९७७ साली केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्याआधी ती योजनाच होती. कायदा झाल्यामुळे दोन गोष्टी घडल्या. एक, मागणी करणाऱ्याला ठरलेल्या मुदतीत काम मिळाले नाही तर बेकारभत्ता देण्याचे बंधन सरकारवर आले. दोन, खर्चाची तरतूद निश्चित झाली. शहरी पगारदारांच्या व व्यावसायिकांच्या व्यवसायकरातून पैसा उभा राहिला आणि तेवढीच भर सरकारने घालायची असे ठरले. शहराने खेड्याच्या कामाचा भार उचलावा, हे तत्त्व कायद्यात उतरले. कायद्याची अंमलबजावणी किती अपुरी राहिली, हे येथील कार्यकर्त्यांना सांगायला नको. पण मोर्चा घेऊन तहसील कचेरीवर गेलेल्या मजुराच्या हातात कायद्याचे कलम होते, म्हणून तो दया मागत नव्हता.

विम्याच्या क्षेत्रातही असे उदाहरण आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारांवरील उपचार हा हक्क मानला आणि शारीरिक आजाराला जसे विमासंरक्षण मिळते, तसेच मानसिक आजाराला दिले पाहिजे, असे बंधन प्रत्येक विमा कंपनीवर घातले. एका कलमाने विम्याची व्याप्ती वाढली. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या या जिल्ह्यात त्या कलमाचे मोल वेगळे सांगावे लागू नये. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही दूरध्वनीवरील समुपदेशनसेवाही आहे. परंतु फोनवर धीर दिल्यानंतर औषध लिहून देणारा डॉक्टर आणि ते औषध देणारे केंद्र जवळ नसेल, तर तो धीर किती दिवस पुरणार?

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. दूरसल्ल्याचे गोडवे गाणाऱ्यांत दोन प्रकारचे लोक आहेत. एकांना खरोखर अंतर कमी करायचे आहे. दुसऱ्यांना डॉक्टरांची पदे भरायची नाहीत आणि पडद्यावरच्या डॉक्टराने ती रिकामी जागा झाकायची आहे. २०२१-२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातील ग्रामीण भागातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत तज्ज्ञ डॉक्टरांची उणीव गरजेच्या तुलनेत सुमारे ८० टक्के होती. ही उणीव पडदा लावून भरून निघणार नाही. सर्पदंश झालेल्या मजुराला विषावरची लस टोचणारा हात लागतो. बाळंतपणातील रक्तस्राव चित्रफोनवर थांबत नाही. फवारणीत विषबाधा झालेल्या शेतकऱ्याला खाट आणि प्राणवायू लागतो. तेव्हा दूरसल्ला कशासाठी आणि कशासाठी नाही, ही रेषा कायद्यातच स्पष्ट आखली पाहिजे. मधुमेह, रक्तदाब, विदर्भात मोठ्या प्रमाणावर आढळणारा सिकलसेल, क्षयरोगाचा पाठपुरावा, मानसिक आजार, शस्त्रक्रियेनंतरची विचारपूस, ही त्याची खरी क्षेत्रे. शिवाय गावातील डॉक्टरला अवघड रुग्णाबाबत तज्ज्ञाचा सल्ला तत्काळ मिळणे, हाही त्याचा फार मोठा उपयोग आहे. जागेवर डॉक्टर असेल तर दूरचा सल्ला बळ देतो. जागेवर कोणीच नसेल तर तो धोका होतो. रत्नागिरीच्या प्रकरणाचा अर्थ नेमका हाच आहे.

मग कायद्यात काय असावे? पहिली गोष्ट म्हणजे, सार्वजनिक विम्यात दाखल न होता घेतलेला सल्ला धरला जावा आणि तो समोरासमोरचा असो वा दूरचा, त्याला सारखीच मान्यता असावी. दुसरी, सल्ला, तपासणी आणि औषध यांची फारकत होऊ नये. डॉक्टराने पडद्यावरून लिहिलेली गोळी त्याच उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळाली नाही, तर ती चिठ्ठी म्हणजे खाजगी औषध दुकानाची वाट दाखवणारी पाटी ठरते. तिसरी, साधा फोनही ग्राह्य मानला जावा. सातपुड्याच्या पायथ्याला चित्र अडखळते, आवाज पोहोचतो. ज्याच्या हाती भारी फोन नाही, त्याचा हक्क कमी होता कामा नये. चौथी, रुग्णाजवळ प्रशिक्षित माणूस असावा. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी, परिचारिका आणि आशा कार्यकर्ती हेच या व्यवस्थेचे हात आहेत. त्यांना कंत्राटावर व तुटपुंज्या मोबदल्यावर राबवून, वर रोज किती फोन लावले याचे लक्ष्य लादले, तर नोंदवहीत सल्ले वाढतील आणि रुग्ण जेथल्या तेथे राहील. पाचवी, रुग्णाची माहिती ही रुग्णाची. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला असला, तरी सार्वजनिक विम्यातून गोळा होणारी गरिबांच्या आजारांची माहिती कोणत्याही कंपनीच्या व्यापाराला खुली होणार नाही, असे स्वतंत्र कलम हवे.

आणि सहावी गोष्ट, जिच्यावाचून आधीच्या पाचही कागदावर राहतील. रोजगार हमीत जसा बेकारभत्ता, तशी येथे भरपाई हवी. ठरलेल्या मुदतीत गावाच्या केंद्रात सल्ला मिळाला नाही आणि रुग्णाला अमरावतीला जावे लागले, तर त्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी शासनाने द्यावी. या तरतुदीने सरकारला डॉक्टर न देणे महाग पडेल. आज ते फुकट आहे. त्याची किंमत ती मजूर स्त्री भरते.

असा कायदा करण्याचा अधिकार राज्याला आहे काय, अशी शंका घेतली जाते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा विषय राज्यसूचीत आहे, तर सामाजिक सुरक्षा व सामाजिक विमा समवर्ती सूचीत. राजस्थानच्या विधानसभेने २०२३ च्या मार्चमध्ये आरोग्य हक्काचा कायदा संमत केलाच. दुसरी शंका पैशाची. पश्चिम बंगालमधील एका शेतमजूर संघटनेचा सभासद १९९२ साली रेल्वेगाडीतून पडून जखमी झाला आणि एकापाठोपाठ एक सरकारी रुग्णालयांनी त्याला जागा नाही म्हणून परत पाठवले. संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, वेळेवर उपचार न देणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही. हा निकाल कोण्या धनिकाने मिळवलेला नाही, शेतमजुरांच्या संघटनेने मिळवला आहे, हे वऱ्हाडातील शेतमजुरांनी लक्षात ठेवावे.

परदेशातील एक दाखलाही बोधप्रद आहे. अमेरिकेत वृद्धांच्या सार्वजनिक विम्यातून दूरसल्ल्याचा खर्च देण्याची तरतूद १९९७ साली कायद्याने झाली आणि ती मुळात डॉक्टरांची टंचाई असलेल्या ग्रामीण भागासाठी होती. २०२० च्या साथीत रुग्णाला आपल्या घरून सल्ला घेण्याची मुभा मिळाली. पण ती तात्पुरती. तिला पुन्हा पुन्हा मुदतवाढ देण्यात आली. अखेर १ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या देशातील सरकारी खर्चाची मंजुरीच अडली, तेव्हा या मुभेची मुदतही संपली आणि नोव्हेंबरच्या मध्याला ती पुन्हा मिळेपर्यंत वृद्ध रुग्ण ताटकळले. मुदत घातलेला हक्क हा हक्क नसतो. एवढ्या संपन्न देशात जे घडले, ते येथे एखाद्या अर्थसंकल्पात सहज घडू शकेल.

याच जिल्ह्यात शेंडगावला १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी ठिकठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही दूरवरून उपचारांसाठी आलेली गोरगरीब माणसे उतरतात. दवाखान्यापर्यंतचे अंतर हेसुद्धा गरिबाचे एक दुखणे आहे, याची ती साक्ष आहे. धर्मशाळा परोपकारातून उभी राहते. स्वतंत्र देशाच्या नागरिकाला मात्र त्या अंतरावरचा उपाय कायद्याकडून मागता आला पाहिजे.

तेव्हा मोर्शी तालुक्यातील कार्यकर्त्यांपुढे काम स्पष्ट आहे. गावोगाव जाऊन एक साधी नोंदवही करावी : गेल्या तीन महिन्यांत केवळ सल्ल्यासाठी कोण अमरावतीला गेले, किती खेपा झाल्या, भाडे किती लागले, किती मजुरी बुडाली, लिहून दिलेले औषध कोठे मिळाले. उपकेंद्रात दूरसल्ल्याची सोय कोणत्या दिवशी चालू होती आणि कोणत्या दिवशी बंद, हेही त्यात लिहावे. रुग्णाच्या आजाराचे नाव मात्र त्याच्या संमतीवाचून लिहू नये. ही नोंदवही ग्रामसभेपुढे ठेवावी, तिच्या आधारे ठराव करावा आणि ते ठराव घेऊन आमदारांकडे जावे. विधानसभेत हा प्रश्न उभा राहील तो भाषणांतील विशेषणांनी नव्हे, तर या बुडालेल्या मजुरीच्या बेरजेने.

सिंभोऱ्याचे पाणी अमरावतीला रोज जाते. ते जावेच, तहानलेल्याला पाणी देण्यात वऱ्हाडने कधी हात आखडता घेतलेला नाही. पण ज्या तालुक्याने शहराला पाणी दिले, त्या तालुक्यातील मजूर स्त्रीला शहराने आपले वैद्यकीय ज्ञान तिच्या गावात आणून द्यावे, तेही कायद्याने बांधलेले, ही मागणी अवाजवी नाही.